662 जवळचा उंचवटा म्हणजे सीझियमच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बोरिवलीच्या बागेतली माती ओट्यावर दोन इंची सोडियम आयोडाइड डिटेक्टरसमोर (गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा स्फटिक) दहा मिनिटं ठेवली, 662 केईव्हीजवळ (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) आलेखात उंचवटा आला, म्हणजे किरणोत्सर्गी सीझियम-137. महिनाभर डबा बंद ठेवणं, सोळा-सोळा तास मोजणं हे प्रयोगशाळावाल्यांनी माजवलेलं स्तोम.

महिन्याचं आधी मिटवू. ती अट रेडियमसाठी आहे. रेडियम-226 आपण मोजतो त्याच्या क्षयातून पुढे बनणाऱ्या बिस्मथ-214 आणि शिसे-214 यांच्या रेषांवरून (ठरावीक ऊर्जेच्या गॅमा किरणांवरून), आणि मध्ये रेडॉन वायू येतो, अर्धायुष्य 3.82 दिवस. तो झाकणातून निसटला की आकडा कमी येतो. म्हणून डबा काठोकाठ भरून, झाकण इपॉक्सीने बंद करून आत रेडॉन पुन्हा साठेपर्यंत थांबायचं. सीझियमला हे लागू नाही; माती 105 अंशांवर वाळवा, चाळा, मोजा. (पावसाळ्यात ओलीच तोललीत तर ‘दर किलोला’ या हिशेबाच्या भाजकात पाण्याचंही वजन येईल.)

खरी गोम उंचवट्यात आहे. तुमच्या स्फटिकाचं रिझोल्यूशन (जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) 662 ला साधारण 7 टक्के, म्हणजे शिखराची रुंदी 46 केईव्ही. बिस्मथ-214 ची 609 ची रेषा जेमतेम 52 केईव्ही खाली, तिला खेटून थॅलियम-208 ची 583. एसी चालू-बंद झाला, तापमान बदलून गेन (सिग्नल किती मोठा होतो ते प्रमाण) चार टक्के वर सरकला, की 609 चा उतार 662 वर चढलाच. शिवाय ओटा ग्रॅनाइटचा! मुंबईची बेसॉल्टची माती युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब, ग्रॅनाइट बहुधा श्रीमंत. तुम्ही ओटाच मोजला असण्याची शक्यता बरीच आहे.

1120 आणि 1764 ला शिखरं दिसतात का बघा. दिसली तर बिस्मथ आहे, आणि त्याचा वाटा वजा केल्याशिवाय सीझियमचं नाव घेऊ नका. कॅलिब्रेशन (ज्ञात रेषांवरून ऊर्जेची पट्टी जुळवणं) दर मोजणीआधी आणि नंतर: किराणा दुकानातलं पोटॅशियमवालं लो-सोडियम मीठ 1460.8 देतं, जुन्या पेट्रोमॅक्सचं थोरियमवालं मेंटल 238.6.

वेळेचं गणित लॉइड करी यांच्या सूत्राने: 2.71 + 4.65√B; B म्हणजे पार्श्वभूमीच्या मोजण्या, उत्तर म्हणजे खात्रीने ओळखता येतील अशा किमान मोजण्या. समजा प्रयोगशाळेतला, जास्त बारीक रिझोल्यूशनचा जर्मेनियम डिटेक्टर, कार्यक्षमता 2 टक्के, माती अर्धा किलो, 60,000 सेकंदांत शिखराखाली 400 पार्श्वभूमी मोजण्या. शोधमर्यादा किलोला 0.19 बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय). तेच 600 सेकंदांत 2.35. जुन्या अणुचाचण्यांचं सीझियम मातीत थोडं असतंच, पण दहा मिनिटांत ते या मर्यादेखाली सहज बुडतं, आणि तुमच्या शिशाच्या कवचाविना मांडलेल्या स्फटिकाची मर्यादा याहून कितीतरी वर.

त्याच डब्यात डिस्टिल्ड पाणी भरून, त्याच जागी, तितकाच वेळ मोजा. दोन्ही फाइली आणि मातीचं सुकं वजन पाठवा, वजाबाकीनंतर काय उरतं ते पाहू.