एका पेटंटचे साडेसात लाख डॉलर? भागाकार बरोबर, निष्कर्ष चूक

‘शोध लावा, पेटंट घ्या आणि वीस वर्षं रॉयल्टी खा’ अशा मथळ्याचा एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. शोध-कंपन्या स्वतः काही बनवत नाहीत, पेटंटं साठवतात आणि लोकांकडून वसुली करतात. पेटंट मिळालं की ते तंत्र तुमच्या मालकीचं. जितकी पेटंटं जास्त, तितकी कंपनी श्रीमंत. पुराव्यादाखल नॉर्टेलचं उदाहरण दिलंय: 2011 मध्ये या दिवाळखोर दूरसंचार कंपनीची सुमारे 6,000 पेटंटं 450 कोटी डॉलरला गेली, म्हणजे एका पेटंटला साडेसात लाख डॉलर. शेवटी सल्ला आहे की आधी फाइल करा, गिऱ्हाईक आपोआप दारात येईल.

सगळा डोलारा नॉर्टेलवर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘एका पेटंटला साडेसात लाख डॉलर’

भागाकार बरोबर आहे. पण ती 6,000 पेटंटं म्हणजे एका मापाच्या 6,000 विटा नव्हेत. त्या गठ्ठ्यासाठी गूगलने लिलावाआधी लावलेली पहिली बोली 90 कोटी डॉलरची होती. लिलाव पेटला आणि आकडा पाचपट झाला. या काळात पेटंटं तीच होती, त्यातली एक ओळही बदलली नव्हती. बदलली ती भीती. स्मार्टफोनवरून सगळेच एकमेकांना कोर्टात खेचत होते आणि हा गठ्ठा दुसऱ्याच्या हाती पडला तर आपलं काय, हा प्रत्येकाचा प्रश्न होता. तेव्हाच्या बातम्यांनुसार गूगलच्या एका बोलीचा आकडा चक्क गणितातल्या पाय (π) या संख्येवरून घेतला होता, 314.159 कोटी डॉलर. यावरून मूल्यमापनाचं शास्त्र काढायचं असेल तर ज्याने त्याने काढावं.

ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सोनी, एरिक्सन, ब्लॅकबेरीवाली आरआयएम आणि ईएमसी यांच्या गटाने लिलाव जिंकला. मजकूर इथे थांबतो. प्रत्यक्षात पुढे असं झालं की सुमारे 2,000 पेटंटं गटातल्या कंपन्यांनी आपसांत वाटून घेतली आणि उरलेली सुमारे 4,000 रॉकस्टार नावाच्या कंपनीकडे राहिली. डिसेंबर 2014 मध्ये तीही आरपीएक्सला, म्हणजे सभासद कंपन्यांना खटल्यांपासून वाचवण्यासाठी पेटंटं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकायचं ठरलं, 90 कोटी डॉलरला. म्हणजे नगाला सव्वादोन लाख. वरची साय आधीच काढून घेतली होती हे खरं. पण मधल्या साडेतीन वर्षांत कायदाही हलला होता. सप्टेंबर 2012 पासून अमेरिकेत मंजूर पेटंटाला पेटंट कार्यालयातच, कोर्टापेक्षा स्वस्तात, आव्हान देण्याची नवी वाट सुरू झाली. जून 2014 मध्ये ॲलिस खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, अमूर्त कल्पना निव्वळ संगणकावर चालवली म्हणून तिला पेटंट मिळणार नाही, असा निकाल दिला. सॉफ्टवेअरच्या असंख्य पेटंटांखालची जमीनच त्याने सरकली.

कोडॅकची गोष्ट तर त्याच सुमाराची आहे. जानेवारी 2012 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. डिजिटल छायाचित्रणाची सुमारे 1,100 पेटंटं हाती होती आणि नेमलेल्या तज्ज्ञांनी अंदाज दिला होता 220 ते 260 कोटी डॉलरचा. वर्ष संपता संपता ती गेली सुमारे साडेबावन्न कोटींना. तज्ज्ञ मूर्ख नव्हते. रॉयल्टीतून पुढे काय येऊ शकतं, याचा त्यांनी हिशेब मांडला होता. पण ज्यांच्याकडून ती रॉयल्टी यायची, तेच एकत्र येऊन खरेदीला बसले आणि विकणाऱ्याला थांबायला वेळ नव्हता. पेटंटाची किंमत कोण विकतंय आणि किती घाईत आहे यावरही ठरते.

‘संशोधनावर जेवढा खर्च, तेवढी तरी किंमत येतेच’

अजिबात येत नाही. दहा वर्षं राबून काढलेला शोध कुणी वापरत नसेल तर त्याच्या पेटंटची बाजारातली किंमत शून्याच्या आसपास असते. एका दुपारी सुचलेली युक्ती सगळ्या उद्योगाने उचलली असेल तर ती सोनं. या व्यवसायात ढोबळ गणित असं मांडतात: हे तंत्र वापरणाऱ्या मालाची विक्री किती, त्यावर रॉयल्टीचा दर किती लागू शकतो आणि मुदत किती उरली आहे. मग त्या आकड्याला कात्री लावायची. पेटंट कोर्टात टिकेल का, समोरचा खरंच ते वापरतो असं सिद्ध होईल का, आणि ते सिद्ध करायला वकिलांवर किती ओतावं लागेल? प्रत्येक प्रश्नागणिक आकडा आकसतो.

किती आकसतो ते मायक्रोसॉफ्ट आणि मोटोरोलाच्या खटल्यात दिसलं. व्हिडिओ आणि वायफायच्या मानकांत, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी पाळायच्या सामाईक तांत्रिक नियमांत, बसलेली पेटंटं मोटोरोलाकडे होती. तिने 2010 मध्ये मागणी केली ती मालाच्या अंतिम किमतीच्या सव्वादोन टक्क्यांची. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्राच्या पूर्ण किमतीवर, नुसत्या वायफायच्या चिपवर नाही. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने हे वर्षाला 400 कोटी डॉलरच्या वर जात होतं. मानकात पेटंट घालताना मालकाने ते वाजवी दरात सगळ्यांना देण्याचं वचन दिलेलं असतं. त्या वचनाच्या आधारावर सिएटलच्या न्यायाधीशांनी 2013 मध्ये दर ठरवला, तो एका नगामागे काही सेंटांचा निघाला. वर्षाची बेरीज जेमतेम 18 लाख डॉलर. पेटंटं तीच आणि माल तोच, तरी दोन आकड्यांत दोन हजार पटींहून जास्त अंतर. रॉयल्टीचा दर कशावर मोजायचा, चिपवर की अख्ख्या यंत्रावर, यावरच अर्धी लढाई ठरते. मजकुरात याचा उल्लेखही नाही.

‘पेटंट मिळालं की तंत्र तुमचं’

पेटंट तुम्हाला वस्तू बनवायचा हक्क देत नाही. दुसऱ्याला अडवायचा हक्क देतं. तुमच्या वस्तूत दुसऱ्याचं पेटंट घुसलेलं असेल तर तुम्हीही अडकता. जेम्स वॉटइतका पेटंटांचा पक्का माणूस दुसरा नसेल. पण वर-खाली हालचालीचं गोल फिरणं करणाऱ्या क्रँकचं पेटंट 1780 मध्ये जेम्स पिकार्डने घेतलं होतं, त्यामुळे वॉटला 1781 मध्ये दात्यांच्या चाकांची वेगळीच रचना काढून इंजिन फिरवावं लागलं.

दुसरं म्हणजे, अडवता येतं ते फक्त क्लेममध्ये, म्हणजे हक्क नेमका कशावर हे सांगणाऱ्या पेटंटातल्या वाक्यात, लिहिलंय तेवढंच. समजा एक क्लेम असा आहे: एक टाकी, त्यातली पातळी मोजणारा सेन्सर, त्या मोजमापावरून पंप बंद करणारा नियंत्रक, आणि पंप बंद झाल्यावर किमान तीस सेकंद तो पुन्हा सुरू होऊ न देणारी व्यवस्था. शोध-कंपनीत याचा क्लेम चार्ट होतो. डाव्या रकान्यात क्लेमचा एकेक तुकडा, उजव्या रकान्यात स्पर्धकाच्या मालातून त्याचा पुरावा: माहितीपुस्तिकेचं पान, उघडलेल्या यंत्राचा फोटो, मोजणीचा आलेख. पहिल्या तीन ओळी भरल्या. चौथीपाशी मोजणी सांगते की स्पर्धकाचा पंप दहाव्या सेकंदाला चालू होतो. संपलं. चारातले तीन जुळले म्हणून पाऊण रॉयल्टी मिळत नाही. दहा सेकंद म्हणजे तीसच्या तोडीचेच, असा युक्तिवाद वकील करून पाहतील, पण स्वतःच आकडा लिहून दिल्यावर तो चालणं कठीण.

मग ते तीस सेकंद लिहिलेच कशाला? बहुतेक वेळा उत्तर फाइलमध्येच सापडतं. मूळ अर्जात तीनच तुकडे असतात. परीक्षक एक जुना दस्तऐवज पुढे करतो आणि म्हणतो, हे आधीच माहीत होतं. मग अर्ज वाचवण्यासाठी चौथी अट घातली जाते, पेटंट मंजूर होतं आणि पेढे वाटले जातात. जी अट घालून पेटंट मिळालं, तीच अट वसुली बुडवते. म्हणून मुरलेला खरेदीदार प्रमाणपत्र नंतर बघतो. आधी परीक्षकाशी झालेला पत्रव्यवहार मागवतो.

‘जागतिक पेटंट घ्या’

असं काही नसतं. पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट कराराखालचा अर्ज एकच असतो, पण पुढे प्रत्येक देशात वेगळं जावं लागतं आणि जिथे गेला नाहीत तिथे तो शोध कुणीही वापरावा.

‘जितकी पेटंटं जास्त, तितकी श्रीमंती’

पेटंट जिवंत ठेवायला पैसे लागतात. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावं लागतं, आणि प्रत्येक टप्प्यावर ते आधीपेक्षा मोठं असतं. बऱ्याच देशांत ते दरवर्षी भरायचं. अमेरिकेत जवळपास निम्मी पेटंटं पूर्ण मुदत गाठायच्या आत शुल्क न भरल्यामुळे मरतात, आणि त्यातली बरीच मालकांनी विचार करूनच मरू दिलेली असतात.

शोध-कंपनीचं खरं व्यवस्थापन हेच. यादी पुढे घ्यायची आणि प्रत्येक नोंदीला विचारायचं: हे कोण वापरतंय, वापरायची शक्यता कुठे, कोणत्या देशात ठेवायचं, कुठे सोडायचं. संशोधकाला आपलं प्रत्येक पेटंट पोटच्या पोरासारखं असतं, त्यामुळे या बैठका गोड होत नाहीत. पण छाटणी न करणारी कंपनी शुल्काच्या ओझ्याखाली दबते. आयबीएम 1993 ते 2021 अशी सलग 29 वर्षं अमेरिकी पेटंटांच्या संख्येत पहिली होती. 2022 मध्ये सॅमसंग पुढे गेली. आपण आकड्यांच्या शर्यतीतून जाणूनबुजून बाहेर पडलो, असं आयबीएमने जाहीरपणे सांगितलं. ज्यांनी हा खेळ सगळ्यात जास्त काळ जिंकला त्यांनीच संख्येचा नाद सोडला, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या कानावर आलेलं दिसत नाही.

‘काही बनवत नाहीत म्हणजे लुटारूच’

इथे मजकुरात थोडं तथ्य आहे. जुनी, ढिसाळ शब्दांची पेटंटं स्वस्तात उचलायची आणि खटल्याच्या खर्चापेक्षा थोडी कमी रक्कम मागून शेकडो छोट्या उद्योगांना पत्रं धाडायची, हा धंदा चालतो आणि त्याला लूट म्हणायला माझी हरकत नाही. पण ‘बनवत नाही’ ही खूण चुकीची आहे. आर्म ही कंपनी प्रोसेसरची रचना करते आणि चिप बनवणाऱ्यांना लायसन्स देते. रे डॉल्बी यांनी 1965 मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं बहुतेक उत्पन्न आजही लायसन्समधूनच येतं. यांच्याकडून घेणाऱ्याला चालणारं तंत्र मिळतं, नुसती धमकी नाही. शिवाय ईबे कंपनीच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालानंतर अमेरिकेत पेटंटभंग सिद्ध झाला तरी मनाईहुकूम आपोआप मिळत नाही. स्वतः माल न बनवणाऱ्याला तो मिळणं तर फारच अवघड झालं. म्हणजे लुटारूंच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार बोथट होऊन बराच काळ झाला.

‘आधी फाइल करा, गिऱ्हाईक आपोआप येईल’

चेस्टर कार्लसनला विचारा. हा माणूस स्वतः एका कंपनीच्या पेटंट खात्यात कामाला होता, म्हणजे अडाणी नव्हता. कोरड्या पद्धतीने कागदाची नक्कल त्याने 22 ऑक्टोबर 1938 ला काढून दाखवली, 1942 मध्ये पेटंटही मिळालं. दरम्यान वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं होतं, आणि त्यात आयबीएमसारखी मोठी नावंही होती. 1944 मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने हात दिला, मग हॅलॉइड नावाच्या छोट्या कंपनीने, म्हणजे पुढच्या झेरॉक्सने, लायसन्स घेतलं. खऱ्या अर्थाने चाललेलं यंत्र, झेरॉक्स 914, आलं 1959 मध्ये. तेव्हा अमेरिकेत पेटंटाची मुदत मंजुरीपासून 17 वर्षं होती. म्हणजे यंत्र बाजारात यायला आणि 1942 चं पेटंट संपायला एकच गाठ पडली. झेरॉक्स तरली ती मधल्या वर्षांत सुधारणांवर घेतलेल्या पुढच्या पेटंटांमुळे. ती भिंत इतकी उंच झाली की 1975 मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करून कंपनीला आपली पेटंटं स्पर्धकांना लायसन्सवर द्यावी लागली.

तेव्हा गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि ते दोन तऱ्हांचं असतं. एकाला तंत्र हवं असतं. त्याच्यापुढे चालतं यंत्र, मोजणीचे आकडे आणि शिकवायला माणूस ठेवावा लागतो. पेटंट तिथे सोबतीला असतं. दुसरा ते तंत्र आधीच वापरतोय. त्याच्यापुढे क्लेम चार्ट ठेवावा लागतो, आणि पत्रातला शब्द न् शब्द तोलावा लागतो. अमेरिकेत जरा धमकीचा सूर लागला की समोरचाच आधी कोर्टात जाऊन तुमचं पेटंट रद्द करून मागू शकतो, तेही त्याच्या सोयीच्या शहरात.

तिसरा कुणी अख्खं पेटंट विकत घ्यायला आलाच, तर विचारतो: कोणता क्लेम, कुणाच्या मालावर बसतो? कोणत्या देशांत जिवंत आहे, शुल्क कुठवर भरलंय? नावावर कोण, सगळ्या संशोधकांनी हक्क लिहून दिलेत का? आणि आजवर लायसन्स कुणाकुणाला दिलंय? हा शेवटचा प्रश्न विकणाऱ्याला फार छळतो. मालक बदलला तरी आधीचं लायसन्स रद्द होत नाही, ते पेटंटाबरोबर पुढे जातं. ते तंत्र सगळ्यात जास्त वापरणाऱ्या कंपनीलाच पूर्वी कधी एकरकमी लायसन्स देऊन टाकलं असेल, तर नव्या मालकाला तिच्याकडून पुढे छदामही मागता येत नाही.