कृपया अंतर राखा

नागपूर सोडून पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुमच्यावर मोठं संकट आलं आहे आणि तुम्ही खुशाल वडापाव खात बसला आहात. तुमच्या आणि तुमच्या घराच्या मधलं अंतर कमी होऊन राहिलं आहे. तेही चोरून-मारून नाही, दिवसाढवळ्या, फिती कापून.

पूर्वी कसं निवांत होतं. मुंबई रेल्वेनं 837 किलोमीटर, रस्त्यानं गेलं तर सोळा तास आणि वर कंबरदुखी. ‘आई, सुट्टी दोनच दिवसांची आहे गं, एक दिवस यायला अन् एक जायला,’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यात खोटं काही नव्हतं, हीच तर त्याची ताकद. आई हिशेब करायची, हिशेब बरोबर यायचा, आणि ती स्वतःच म्हणायची, ‘राहू दे बाप्पा, कायले धावपळ करतं.’

मग 11 डिसेंबर 2022 उजाडला. त्या एकाच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा उघडला आणि नागपूर मेट्रोचा पहिला टप्पाही पूर्ण झाला. म्हणजे बाहेरगावची सबब गेली आणि गावातली सबबही गेली. मानेवाड्याच्या मावशीकडे न जाणारा माणूस आजवर शहराच्या मधल्या सीताबर्डीकडं बोट दाखवून ‘बर्डीवर लय ट्रॅफिक असते जी’ म्हणून सुटत होता. आता मावशीच सांगते, बर्डीवर मेट्रो बदलायची, मग आमच्याकडून गाडी पाठवतो तुले घ्यायले. 5 जून 2025 ला तर समृद्धीचा शेवटचा टप्पाही खुला झाला. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत 701 किलोमीटर, आठ तास. त्याच ऑगस्टमध्ये नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला वंदे भारत निघाली, ती बारा तासांत पोहोचवते. सरकारला तुमची काही पडलेली नाही.

तेव्हा आता प्रत्येकानं आपापलं अंतर स्वतः राखायला शिकलं पाहिजे.

सुरुवात हवामानापासून करा. मे महिन्यात नागपूरला येणं शक्यच नाही, हे नागपूरकरही मान्य करतात. तिथं जास्त बोलू नका. दिवाळीत तिकीट मिळत नाही. वेटिंग लिस्टचा स्क्रीनशॉट आईला पाठवा, मात्र तो याच वर्षीचा आहे ना ते एकदा बघून घ्या. पावसाळ्यात मुलांच्या शाळा. डिसेंबर तेवढा धोक्याचा. हवा सुरेख, बाजारात संत्री, आणि आईला ठाऊक की कंपनीत नाताळाच्या सुट्ट्या असतात. अशा वेळी ‘विधिमंडळाचं अधिवेशन चालू आहे, सिव्हिल लाइन्समध्ये मोर्चे, जिकडे-तिकडे बॅरिकेड’ असं म्हणा. घर पार शहराच्या टोकाला हुडकेश्वरला असलं तरी म्हणा.

अधिवेशनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, लांबून नातं कसं निभवावं हे शिकायचं असेल तर राज्य सरकारसारखा गुरू नाही. 1953 च्या नागपूर करारात लिहून दिलं की सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवेल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथं होईल. आता बघा कसं निभावतात. उन्हाळ्यात येत नाहीत. बरोबर डिसेंबरात येतात, थंडी गुलाबी असताना. आधी फायली येतात, मग साहेब येतात. मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवनाला रंग, रस्त्यांना डांबर. सावजीचं जेवण, संत्र्यांच्या पेट्या, ‘विदर्भावर आमचं विशेष प्रेम आहे’ असं एक भाषण, आणि पुढच्या आठवड्यात विमान. 2020 आणि 2021 मध्ये तर यायचंही जमलं नाही, मुंबईतच उरकलं. तरी नातं तुटलं का? तुम्ही उगाच वर्षातून दोनदा न आल्याचं मनाला लावून घेता.

कोणी जास्तच ताणलं तर नागपुरातल्या झिरो माइलच्या, म्हणजे अंतरं मोजायच्या दगडाचा दाखला द्या. 1907 च्या त्या दगडावर हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल, छिंदवाडा 83 मैल असं कोरलेलं आहे. मुंबई-पुण्याचं नाव नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी, तिकडून कोणी येणं अपेक्षितच नव्हतं. पुरावा दगडात कोरलेला आहे म्हटल्यावर वडील गप्प बसतील. (ते गप्प बसले नाहीत, तर ‘देशाच्या मधोमध आपण आहोत, सगळ्यांनीच इकडं यायला पाहिजे’ हे भाषण सुरू करतील. फोन स्पीकरवर टाकून भाजी चिरून घ्या.)

आता मायेचा भाग. अंतर राखायचं म्हणजे माया सोडायची नाही. माया खासगी ट्रॅव्हल्सच्या बसनं मागवायची. नागपुरात संध्याकाळी आई-वडील स्कूटरवरून बसच्या थांब्यावर जातात. वडिलांच्या पायांत तांदळाची जुनी पिशवी, सुतळीनं शिवलेली, त्यावर मार्करनं तुमचं नाव आणि मोबाइल नंबर. नंबर दोनदा, कारण पहिल्यांदा आठ आकड्यांनंतर जागा संपली. आत सांडगे, कुरड्या, संत्र्याची बर्फी, आणि तीन कॅरीबॅगांत गुंडाळलेली लोणच्याची बरणी. क्लीनरला पैसे देऊन आई सांगते, ‘आडवी नको ठेवजो बाप्पा.’ तो आडवीच ठेवतो. सकाळी पुण्यात वाकडला तुम्ही झोपेतच ती पिशवी उचलता, तेव्हा कुरड्यांना मोहरीच्या फोडणीचा वास असतो. आईला फोनवर सांगायचं, सगळं नीट पोहोचलं. लोणच्याला सातशे किलोमीटर झेपतात, तुम्हाला झेपत नाहीत, हा प्रश्न ती विचारणार नाही. वडील विचारतील.

अमेरिकेतल्यांना वेगळा सल्ला नको. त्यांना घड्याळातल्या साडेनऊ ते साडेतेरा तासांच्या फरकाचं वरदान आहे आणि ते त्याचा उत्तम वापर करतात.

एक धोका मात्र अजून कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. समृद्धी दोन्ही बाजूंनी वाहते. तुम्ही सबबी शोधत बसलात आणि परवा सकाळी फोन आला, ‘काही नाही रे, तुझ्या बाबाले म्हटलं रस्ता चांगला झाला तं चाला. शिर्डीले दर्शन झालं, आता तिकडंच येऊन राहिलो. आठ-पंधरा दिवस राहू, परतीचं मग पाहू,’ तर?

पाहुण्यांच्या खोलीतल्या व्यायामाच्या सायकलवरचे कपडे आधी काढा. सायकल नंतर हलवता येईल.