बंद शेडमध्ये छोट्यांना जागा द्यायची आहे? मग असं करा

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत तुमची एखादी शेड बंद पडून आहे ना? अभिनंदन. यंत्रं भंगारात गेली, कामगारांचे हिशेब बहुतेक झाले (ज्यांचे राहिले त्यांची काळजी कोर्ट घेईल), आणि मागे उरली ती करवती छपराची भक्कम वास्तू. ‘छोट्या व्यावसायिकांना परवडणाऱ्या जागा’ असा बोर्ड लावायला नाशकात याहून चांगली भिंत मिळायची नाही.

फक्त छोट्या व्यावसायिकाला काही विचारू नका. त्याचे प्रश्न फार रटाळ असतात. थ्री फेज आहे का? छोटा हत्ती दारापर्यंत येतो का? डिपॉझिट किती महिन्यांचं? तांबट विचारेल, ठोक्यांचा आवाज चालेल ना? भांडी बाजारातला दुकानदार तर एवढंच विचारेल की, पाणी शिरतं का. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडू लागला की ज्याला माल माळ्यावर चढवावा लागतो, त्याला कोरडं गोदाम म्हणजेच स्वर्ग वाटतो. अशा माणसांना ‘स्पेस’ कशी कळणार? त्यापेक्षा इंटिरियर डिझायनर गाठा.

तो सांगेल, जुनी क्रेन काढू नका. माल उचलायला नाही हो, दिवे टांगायला. दर्शनी भागात कॅफे काढा. गेटबाहेर वर्षानुवर्षं कामगारांना मिसळ खाऊ घालणारा गाडा आधी हटवा आणि आत ‘फॅक्टरी मिसळ’ सुरू करा. तर्री वेगळ्या वाटीत, पाव मोजून.

आता कागदपत्रं. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर तो 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे, पोटभाडेकरू ठेवायला महामंडळाची परवानगी लागते, आणि उद्योगाच्या जागेत दुकानं थाटणं हा वापरातला बदल होतो. एखादा भाबडा माणूस आधी परवानगी काढेल. शिलाई, पॅकिंग, मोटार रिवाइंडिंग अशी तिथे बसणारी कामंच आत घेईल. तुम्ही कशाला त्या फंदात पडता? भाडेकरार करूच नका, ‘मेंबरशिप’ द्या. जीएसटी नोंदणीसाठी कुणी संमतिपत्र आणि वीजबिल मागायला आला तर ‘सीएंशी बोलतो’ म्हणा. वर्षभर बोलत राहा.

मीटर तुमच्या नावावर एकच ठेवा आणि युनिटचा दर तुम्हीच ठरवा. 10 हजार चौरस फुटांतून वाटा, संडास आणि माल उतरवायची जागा वजा केली तर 100 फुटांचे साठेक गाळे निघतात. माल उतरवायची जागा धरलीच नाही तर आणखी निघतात. वर पोटमाळा टाका. एप्रिलमध्ये सिमेंटच्या पत्र्याखाली माणूस किती वेळ टिकतो, हे त्याचं त्याला कळेल.

आणि राखीव गाळ्यांचा विषय निघालाच तर मुंबईच्या गिरणगावाकडून शिका. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश म्हाडाला होता. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. काय नामी युक्ती! तुम्हीही थाटात जाहीर करा, ‘एक तृतीयांश गाळे छोट्यांना.’ पुढच्या मीटिंगमध्ये हळूच एक शब्द वाढवा, ‘मोकळे’ गाळे. तोवर सगळे आर्किटेक्ट आणि स्टार्टअपवाल्यांनी भरलेले असतीलच.

उद्घाटन सिंहस्थाच्या आधी उरकून घ्या, पाहुणे मोठे मिळतात. फोटोत पापडवाल्या ताई पुढच्या रांगेत हव्यात. त्या दिवशी त्यांच्याकडून टेबलाचं भाडं घेऊ नका, तेवढं मन मोठं ठेवा. दुसऱ्या दिवसापासून त्या गेटबाहेर फुटपाथवर बसतील. अतिक्रमणवाल्यांची गाडी आलीच, तर ताईंसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, आणि तो समजावून सांगायला आपल्याकडे दर शनिवारी वर्कशॉप. फी वेगळी.