आधी एरनो बाजूला काढ

रविवारी सकाळी कर्वेनगरच्या टपरीवर चौघे जमलो. हिंजवडीवाला सध्या एक सी लायब्ररी लिहितोय, म्हणजे इतरांच्या प्रोग्रॅमनी वापरायची सी भाषेतली तयार फंक्शनं. त्यातलं काही फसलं तर वापरणाऱ्याला कसं कळवायचं, हा विषय निघाला. क्रीमरोल चहात बुडवत म्हणाला, "फंक्शन फसलं की उणे एक परत द्यायचा, स्टँडर्ड एररवर, म्हणजे बहुधा स्क्रीनवर, मेसेज छापायचा. झालं की!"

भोसरीवाला उसळलाच. तो मशीनच्या कंट्रोलरवर काम करतो. "माझ्या बोर्डाला स्क्रीनच नाही. तुझा मेसेज वाचणार कोण? छापायचं की नाही ते मी ठरवीन. तू फक्त काय बिघडलं ते मला दे."

"मग एरनो आहे की, शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवायची सीमधली ठरलेली जागा," हिंजवडीवाला म्हणाला. "त्यात आकडा ठेवतो, स्ट्रएरर फंक्शनने त्याचा मजकूर काढ."

इथे मला राहवलं नाही. माझा एक प्रोग्रॅम रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालायचा. एके सकाळी लॉगमध्ये ओळ दिसली, फाइल उघडली नाही, 'इनअ‍ॅप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस', क्रमांक 25. डिस्कवरची साधी फाइल, तिचा टर्मिनलच्या आयऑक्टलशी, म्हणजे उपकरणाला द्यायच्या खास आज्ञांशी, काय संबंध? दोन दिवस मी डिस्क आणि ड्रायव्हर तपासत बसलो. परमिशन मुद्दाम काढून तोच प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये चालवला, तर सरळ 'परमिशन डिनाइड', क्रमांक 13.

घोळ माझ्याच लॉग फंक्शनात होता. रंगीत अक्षरं छापायची का, हे ठरवायला ते आधी इज-ए-टीटीवाय या फंक्शनला विचारायचं, समोर टर्मिनल आहे का म्हणून. क्रॉनमध्ये आउटपुट फाइलीत जायचं, म्हणून ते 'नाही' म्हणायचं आणि जाता जाता एरनोत 25 टाकायचं. फाइल उघडणाऱ्या एफओपनने ठेवलेला 13 तिथेच पुसला जायचा, आणि स्ट्रएरर मी त्यानंतर बोलवत होतो. फंक्शन फसल्याबरोबर, पुढची एकही ओळ चालायच्या आत, एरनो आपल्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यायचा, हे तेव्हापासून मी हट्टाने पाळतो.

"आणि रिटर्न व्हॅल्यू बघितल्याशिवाय एरनोकडे बघूच नकोस," भोसरीवाल्याने जोडलं. "काम नीट झालं तरी तो शून्य होत नाही, जुना आकडा तसाच पडून राहतो."

आमच्यातले दादा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पण आकड्यातून किती कळणार? 13 म्हणजे परवानगी नाही. कोणत्या फाइलीला? ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी बघ, चुकांची रांगच ठेवतं, प्रत्येक थ्रेडची, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक धाग्याची, वेगळी. आतल्या थराने काय सांगितलं, वरच्याने काय, सगळं हाती लागतं."

"आणि ती रांग कोणी रिकामी केली नाही तर मागच्या कॉलची चूक आजच्या माथी," मी म्हटलं. मला लिबकर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीची पद्धत पटते. कॉल करणाऱ्याने आपला किमान 256 बाइटचा बफर, म्हणजे मेमरीतली मोकळी जागा, द्यायचा, लायब्ररीने त्यात लिहायचं. त्या जागेची मालकी कोणाची, हा प्रश्नच उरत नाही.

हिंजवडीवाला विचारात पडला. "मी चुकीची माहिती ठेवायला एरर ऑब्जेक्ट करणार होतो, त्यासाठी मॅलॉकने नवी मेमरी मागून."

"आणि मेमरीच संपली असेल तर?"

दादांनी एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीचं उदाहरण दिलं. डेटाबेस उघडता आला नाही तरी ते सहसा हँडल, म्हणजे पुढच्या कॉलना द्यायची खूण, देतं, का ते विचारता यावं म्हणून. हँडलपुरतीही मेमरी नसेल तर नल, म्हणजे रिकामा पत्ता, मिळतो, आणि तो नलच एररमेसेज फंक्शनला दिला तरी आधीपासून तयार असलेलं 'आउट ऑफ मेमरी' हे वाक्य परत येतं.

हिंजवडीवाल्याने मोबाइल काढला आणि स्वतःलाच मेसेज टाकला, 'मॅलॉक काढ.'