सूर्याकडे टक लावून नंबर जात नाही, नजर जाते

‘ज्ञानेंद्रिये नव्याने जागवा’ अशा मथळ्याचा लांबलचक मजकूर पुन्हा फिरायला लागलाय. एरवी असले फॉरवर्ड न वाचता पुसून टाकता येतात. हा मात्र घरच्या ग्रुपवर आला, काचबिंदूचे थेंब चालू असलेल्या माणसाने पुढे ढकलला, आणि खाली प्रश्न: ‘मग थेंब बंद करून बघू का?’

अजिबात नाही. काचबिंदूत दृष्टीच्या नसेतले तंतू मरतात. प्रत्येक डोळ्याला ते साधारण दहा-बारा लाख असतात आणि मेलेला तंतू परत येत नाही. थेंब डोळ्यातला दाब उतरवून उरलेले तंतू राखतात, एवढंच त्यांचं काम. ते बंद केले तर बहुतेकांचं काही दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरचंही नीट दिसत राहतं. कडेची नजर मात्र मुकाट्याने जात असते.

आता मजकूर काय म्हणतो ते थोडक्यात. शरीरातली प्रत्येक पेशी सात वर्षांत नवी होते, म्हणून डोळेही नवे होतात. चष्म्याचा नंबर ही नुसती वाईट सवय. सूर्योदयानंतर तासाभरात उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहावं: पहिल्या दिवशी १० सेकंद, रोज १० सेकंद वाढवत ४४ मिनिटांपर्यंत. पाणी आलं तर समजावं, विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत. वास गेला असेल तर झणझणीत काहीतरी हुंगावं. शेवटी जिभेचा नकाशा आणि ‘डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा’ ही नेहमीची सजावट.

सगळा डोलारा त्या सात वर्षांवर उभा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. जिभेवरच्या चव घेणाऱ्या पेशी साधारण दहा दिवसांत बदलतात, हे खरं. नाकाच्या छताशी असलेल्या वास घेणाऱ्या चेतापेशीही तळच्या पेशींपासून पुन्हा तयार होतात. चेतापेशींच्या बाबतीत हे दुर्मीळच. दृष्टिपटलावरच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या, प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकूपेशींना ही सोय नाही. मेली की जागा रिकामी. एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो: या पेशींचा प्रकाश टिपणारा भाग म्हणजे चकत्यांची चळत असते. टोकाच्या चकत्या रोज झडतात, मागचा रंगद्रव्याचा थर त्या गिळून टाकतो, आणि दंडपेशीची अख्खी चळत दहाएक दिवसांत नवी होते. पण चकत्या बदलल्या तरी पेशी तीच राहते. मागच्या थरातल्या पेशीही तशाच, आयुष्यभर पुरवायच्या. सूर्य नेमका या दोन थरांवर घाला घालतो.

तो कसा, ते नीट पाहा. सूर्याची तबकडी आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसते. डोळ्याच्या भिंगरचनेतून तिची दृष्टिपटलावर पडणारी प्रतिमा जेमतेम ०.१६ मिलिमीटरची. आपण टक लावतो तेव्हा ही प्रतिमा पीतबिंदूच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या, मधोमध पडते. तिथला सर्वांत तीक्ष्ण नजरेचा भाग सुमारे ०.३५ मिलिमीटर रुंद. म्हणजे वाचायला, चेहरा ओळखायला, सुईत दोरा ओवायला जी जागा लागते, बरोबर तिच्यावर आपण सूर्य आणून ठेवतो. बाहुली आकसते, पण तेवढ्याने भागत नाही. नुकसान बहुतेक वेळा भाजण्याचं नसतं, प्रकाशरासायनिक असतं: निळ्या बाजूचा प्रकाश आणि ऊतीतला ऑक्सिजन मिळून घातक रेणू तयार होतात आणि पेशींची आवरणं कुरतडतात. या प्रक्रियेला वेळ लागतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे पाहताना ‘काही होत नाही’ असंच वाटतं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, मधोमध करडा ठिपका दिसू लागतो, सरळ रेघ वाकडी भासते, रंग फिके पडतात. पुष्कळांची नजर काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत बरीच सुधारते. काहींना तो ठिपका कायमचा चिकटतो.

यावर हमखास उत्तर येतं: ‘पण सकाळचा सूर्य कोवळा असतो.’ असतो, थोडा वेळ. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश, सूर्य डोक्यावर असतानाच्या तुलनेत, सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो. वाटेत निळा प्रकाश विखुरतो, म्हणून तो तांबडा दिसतो आणि सोसवतो. पण आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकतं. विषुववृत्ताजवळ, जिथे सूर्य जवळपास सरळ वर चढतो, तिथे उगवताच पाहायला लागलेल्या माणसाची ४४ मिनिटं संपेपर्यंत सूर्य ११ अंशांवर गेलेला असतो आणि मधली हवा पाचपटींवर आलेली असते. विषुववृत्तापासून लांब तो तिरका, म्हणून सावकाश चढतो, इतकाच फरक. शिवाय मजकूर ‘तासाभरात’ म्हणतो, म्हणजे उशिरा सुरू केलेल्याचं तर विचारूच नका. ज्याने कोणी हे वेळापत्रक लिहिलं, त्याने चढत्या सूर्यासमोर रोज जास्त वेळ बसायला सांगितलंय, आणि त्याला ते कळलेलंही नाही. पाण्याचं म्हणाल तर तीव्र प्रकाशाने डोळ्याला पाणी येतं ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. विषबीष काही नाही. डोळा मिटायला सांगतोय.

ही कल्पना जुनी आहे. विल्यम बेट्स या अमेरिकी नेत्रवैद्याने १९२० मध्ये सूर्याकडे पाहणं, तळव्यांनी डोळे झाकणं वगैरे उपायांनी चष्मा सुटतो असं मांडलं. जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगत नाही, बाहेरचे स्नायू अख्खा नेत्रगोल दाबून लांबट करतात, असा त्याचा सिद्धांत होता. त्याच्या कितीतरी आधी हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने भिंगाचा आकार बदलतो हे दाखवलेलं होतं. मोतीबिंदूबरोबर भिंग काढलं की डोळ्याची फोकस बदलण्याची शक्ती जाते, बाहेरचे स्नायू धडधाकट असले तरी. विषय तिथेच संपतो.

नंबर म्हणजे मोजमाप आहे. प्रौढ डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर. तो एक मिलिमीटर जास्त लांब झाला की अडीच ते तीन डायॉप्टरचा (नंबर मोजायचं एकक) उणे नंबर लागतो. वाढलेली लांबी कुठल्याही व्यायामाने आखडत नाही. मग ‘माझा नंबर उतरला’ म्हणणारे खोटं बोलतात का? सगळे नाही. तासन्‌तास जवळचं पाहून आतला स्नायू आखडून राहिला तर खोटा उणे नंबर दिसतो, विशेषतः मुलांत. स्नायू सैल करणारे थेंब घालून तपासलं की तो पकडला जातो. रक्तातली साखर वरखाली झाली तरी नंबर हलतो. आणि साठी ओलांडलेल्या कुणाला अचानक चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं, तर पेढे वाटण्याआधी मोतीबिंदू तपासा. भिंगाचा गाभा घट्ट होऊन उणे नंबर वाढतो आणि चाळिशीचा चष्मा काही काळ सुटतो. दूरचं मात्र धूसर होत जातं.

उजेडाबद्दल एक गोष्ट खरी आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला तीच ठाऊक नसावी. चीनमधल्या ग्वांगझूतल्या १२ शाळांत पहिलीच्या मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा मैदानावरचा तास वाढवला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना उणे नंबर लागला होता, इतर शाळांत ३९.५ टक्क्यांना. म्हणजे मोकळ्यावर खेळल्याने नंबर लागायचं प्रमाण घटतं. लागलेला नंबर जातो असं त्यात कुठेही नाही, आणि सूर्याकडे पाहायला तर कुणालाच सांगितलं नव्हतं.

नाकाचं. झणझणीत पदार्थ हुंगल्यावर जो ठसका बसतो, तो वास नसतो. अमोनिया, मेन्थॉल यांची झोंब आणि गारवा ट्रायजेमिनल ही चेहऱ्याची संवेदना वाहणारी नस नेते, गंधाची नस नव्हे. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही अमोनिया झोंबतो. त्यामुळे ‘कळायला लागलं’ हा पुरावा होत नाही, उलट अमोनियाने नाकाचं अस्तर सोलून निघतं. करायचंच असेल तर गंधप्रशिक्षण करा: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग असे चार सौम्य वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी १० ते २० सेकंद, एका वेळी एकच, तो आठवायचा प्रयत्न करत, किमान १२ आठवडे. सगळ्यांना गुण येत नाही. सर्दी नसताना वास अचानक गेला तर आधी कान-नाक-घसातज्ज्ञ.

जिभेचा नकाशा, म्हणजे टोकाला गोड, मागे कडू वगैरे, किती वेळा खोडायचा? हेनिग या जर्मन संशोधकाने १९०१ मध्ये जिभेच्या कडेने संवेदनक्षमतेत किंचित फरक मोजला होता. १९४२ मध्ये बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने त्याचा आलेख असा काढला की किंचित फरक ठळक दिसला, आणि पाठ्यपुस्तकांत हद्दी पडल्या. टोकावर मिठाचे कण ठेवून पाहा, खारट लागतं.

५७६ मेगापिक्सेल हा १२० अंश गुणिले १२० अंश क्षेत्र सगळीकडे सारखंच तीक्ष्ण दिसतं असं धरून काढलेला आकडा आहे. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा. एका क्षणी खरं तीक्ष्ण दिसतं ते जवळपास तेवढंच.

ज्यांनी हा सूर्याचा प्रकार आधीच सुरू केलाय त्यांनी आजच थांबवावा. चौकटीच्या कागदावर मधोमध ठिपका काढा, वाचायचा चष्मा असेल तर लावा, कागद ३० ते ३५ सेंटिमीटरवर धरा. एक डोळा झाकून ठिपक्याकडेच पाहा, मग दुसरा. दोन्ही एकदम उघडे ठेवलेत तर एका डोळ्याचा दोष दुसरा झाकतो. एखादी रेघ वाकडी, तुटलेली किंवा गायब दिसली तर दृष्टिपटलतज्ज्ञांकडे जाऊन ओसीटी (दृष्टिपटलाचे थर दाखवणारी तपासणी) करून घ्या, आणि सूर्याकडे पाहिलं होतं हे लाज न बाळगता सांगा. साध्या तपासणीत ही जखम सहज निसटते.