मग तुम्ही इथं कशा?

आज दुपारी इथं सोलापुरात, नवी पेठेत टॉवेल घ्यायला गेले होते. बाळांचे, मऊ टेरीचे, कोपऱ्याला टोपी शिवलेली असते ना, ते. दुकानदाराने एक गुलाबी, एक निळा काढला. मी म्हटलं, दोन्ही पिवळे द्या. शेजारी आमच्या गल्लीतल्या एक बाई उभ्या होत्या. "कुणाला बाळ झालं ओ?" मी हौसेने सांगितलं, मुलीला झालं, पुण्याला, जुळं आहे, नात आणि नातू, सहा आठवड्यांचे होतील आता. बाईंचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "अय्यो, पहिलं बाळंतपण? ते पण जुळं? मग तुम्ही इथं कशा?"

मी हसून वेळ मारून नेली. पैसे दिले. रिक्षात बसल्यावर पारा चढला तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय.

प्रश्नाचा राग नाही हो. गेल्या सहा आठवड्यांत तो प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय. राग याचा की आमचे मिस्टर माझ्या शेजारीच उभे होते, हातात पिशवी धरून. तेही त्याच दोन लेकरांचे आजोबा आहेत. त्यांना कुणी विचारलं नाही, की काका, तुम्ही इथं कसे? उलट निघताना त्याच बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही पण केवढी सेवा करताय या वयात!" म्हणजे एकाच खोलीत राहून, एकच काम करून, ते सेवा करतात आणि मी मुलीला वाऱ्यावर सोडलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या चर्चमध्ये निवृत्त जोडप्यांनी एक वर्ष मिशनच्या कामाला द्यायची पद्धत आहे. पगार नाही, खर्च आपला, राहायला आवारातली एक खोली. आम्ही गेल्या १ एप्रिलला मिरजेचं घर बंद करून सोलापूरला आलो. ३१ मार्चला वर्ष भरतं. मी नर्स होते, त्यामुळे विडी कामगार बायकांच्या वस्तीत जाऊन बीपी-शुगर तपासायची, गोळ्या वेळेवर घेतात का बघायचं, गरज पडली तर सरकारी दवाखान्यात सोबत जायचं. मिस्टर बँकेत होते, ते संध्याकाळी पोरांची गणितं घेतात. झालं. एवढंच आमचं मिशन. "मिशन" म्हटल्यावर काहींच्या भुवया वर जातात ते ठाऊक आहे, आणि त्या भुवयांमागे काही खऱ्या चुकाही असतील, नाही म्हणत नाही. पण बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळताना मी कुणाला धर्म विचारलेला नाही.

आता तो दिवस. भोगीचा. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यांच्या अक्षता सोहळ्याचा दिवस, अख्खं शहर नंदीध्वजांच्या मागे, रस्ते बंद, लांबून हलगीचा आवाज. मला वाटलं वस्तीत कुणी भेटणार नाही, पण हजाराचा हिशेब सणालाही सुटत नाही. हजार विड्या वळल्या की दिवस भरला, तोपर्यंत नाही. चार-पाच जणी ओसरीवर बसल्याच होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूपानं. नरसम्माआजींचं बीपी घेत होते. वय सत्तरीचं असेल, बोटं अजून यंत्रासारखी चालतात. माझ्या कानात स्टेथोस्कोप. काटा उतरतोय, मी ठोका ऐकतेय, १९० ला पहिला ठोका. आणि आजी दुसऱ्या हाताने माझ्या पदराला ओढतायत. मी आपली, "हलू नका, बोलू नका." आजी काही ऐकेनात. शेवटी कानातलं काढलं तर म्हणतात, "तुजी पिशवी वाजालीय कवाची."

नऊ मिस्ड कॉल. जावयाचे सात, विहीणबाईंचे दोन.

पस्तिसावा आठवडा होता. जुळ्यांचं असं होतं हे मी किती बायकांना शांतपणे सांगितलं असेल नोकरीत. "जुळी बहुतेक वेळा लवकरच येतात हो, घाबरायचं नाही." स्वतःच्या मुलीच्या वेळी सगळं ज्ञान पायातून जमिनीत गेलं. पाणी आधी गेलं, सिझर करावं लागलं, नात पहिली, दोन मिनिटांनी नातू. १ किलो ९०० आणि २ किलो १००. मी ओसरीवरच मटकन बसले. नरसम्माआजींनी विचारलं काय झालं, मी दोन बोटं दाखवली. "कवला पिल्ललु!" त्या ओरडल्या, आणि सगळ्याजणी सूप बाजूला ठेवून उठल्या. तेलुगूत जुळ्यांना असं म्हणतात हे मला तेव्हा कळलं. कुणीतरी तिळाची बाजरीची भाकरी माझ्या हातात कोंबली. माझ्या नातवंडांचं पहिलं तोंड गोड, म्हणजे तिखट, त्या ओसरीवर भोगीच्या भाजीने झालं.

माझ्या हातून हजारभर तरी बाळं जगात आली असतील. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले मी, वान्लेससाहेबांनी उभं केलेल्या. रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात बाळंतपणं केली आहेत. आणि माझ्या मुलीचा हात धरायला मी नव्हते. हे मला कुणी नवी पेठेतल्या दुकानात सांगायची गरज नाहीये. मला माहीत आहे. मला रोज रात्री माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हुतात्माने आम्ही दोघं पुण्याला गेलो. (सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावाची गाडी. १२ जानेवारीला त्यांचा स्मृतिदिन होऊन दोनच दिवस झाले होते, चौकात हार ताजे होते.) एनआयसीयूच्या काचेतून बघितलं. दोघंही नळ्यांसकट एवढीशी. आत फक्त आईला आणि वडिलांना सोडत होते. मी नर्स आहे म्हटलं तरी नाहीच, आणि बरोबरच आहे ते, मी ड्यूटीवर असते तर मीही आजीला बाहेरच उभं केलं असतं. दोन दिवस बाकड्यावर बसून काढले. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, तू इथे बसून काय करणार? एप्रिलपासून तू येणारच आहेस. तुझ्या त्या आजीचं बीपी बघ जा."

ठरलेलंच होतं तसं. तिला सव्वीस आठवड्यांची रजा आहे, २०१७ पासून कायद्यानेच मिळते तेवढी. मार्चअखेर विहीणबाई, एप्रिलपासून मी, आणि ती कामावर जायला लागली की पुढेही मीच. घरात माणूस तेव्हा जास्त लागणार, नाही का? सगळं हिशेबाने आहे. मिस्टरांनी तर वहीत लिहून ठेवलंय.

पण हिशेब सांगायला लागले की लोकांच्या डोळ्यांत दिसतं: ही सबब सांगतेय. माहेरचं बाळंतपण म्हणजे माहेरचं. आईच्या हातची अळिवाची खीर, आईच्या हातचं तेल, आईच्या हातचा शेक. बरं बाई. मान्य. बाळंतिणीला आई हवी असते, यात वाद नाही. पण तिची सासू जीव ओतून करतेय त्याला काही किंमतच नाही का? बाळंतपण सासूने केलं की ती "बिचारी", आई लांब असली की ती "निष्ठुर". आणि सासरे? आजोबा? ते कशातच नाहीत!

विहीणबाईंचं सांगायलाच हवं. सुरुवातीला आमचं फोनवर जुंपलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांना बाळांना मध चाटवायचा होता. मी म्हटलं, वर्षाच्या आत मधाचं बोट नाही. गुटीही नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांना दिलाय, सगळी धडधाकट आहेत." मी आवाज चढवला. तिकडे लेकीची अवस्था काय झाली असेल! तीन दिवस अबोला. मग त्यांचाच फोन आला, "तुम्ही लांब असलात तरी नर्स तुम्हीच आहात, सांगा काय करायचं." त्या दिवसापासून मी त्यांच्याविषयी कुणाचं ऐकून घेत नाही.

मग मी सांगितलं, बाळाला फक्त टोपी आणि लंगोट, आणि थेट उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण. कांगारूसारखं. कमी वजनाच्या बाळाला त्याहून चांगली ऊब नाही. दोन बाळं आणि आई एक, टाके ओले, मग दुसऱ्याला कोण धरणार? म्हटलं, जावईबापू, काढा शर्ट. तिकडे शांतता. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "पुरुष माणसाने?" जावई लाजला, पण बसला. व्हिडिओ कॉलवर बघितलं मी: एका खुर्चीत लेक, दुसऱ्या खुर्चीत तो, दोघांच्या छातीवर एक-एक गाठोडं, त्याच्या छातीवरचं गाठोडं झोपेत तोंड हलवतंय, आणि तो श्वास घ्यायलाही घाबरतोय. मी इकडे सोलापुरात, एक बर्नरच्या गॅसवर अळिवाचे लाडू वळताना, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. लाडू मिस्टरांनी वळले निम्मे. वेडेवाकडे झाले. तेच लेकीने आधी खाल्ले.

हे सगळं लिहिताना जरा शांत वाटलं होतं, पण पुन्हा ते आठवलं. मग तुम्ही इथं कशा!

अहो, या शहरात कोटणीसांचं स्मारक आहे. २७ वर्षांचा सोलापूरचा पोरगा, डॉक्टर, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला. तिकडे असताना वडील गेल्याची बातमी आली, तरी परतला नाही. १९४२ मध्ये तिकडेच गेला, स्वतःचं बाळ काही महिन्यांचं असताना. आपण त्यांना हार घालतो, मुलांना सहलीला नेऊन दाखवतो. घालायलाच हवा हार. माझी बरोबरी नाही, कान पकडते. पण कोटणीसांना कुणी म्हणत नाही, "वडील गेले आणि तुम्ही तिथं कसे?" पुरुष घर सोडून गेला की ते ध्येय. बासष्ट वर्षांची बाई एक वर्ष, तेही चार तासांच्या अंतरावर, स्वतःचं म्हणून काही करायला गेली की तिला हजेरीपट घेऊन विचारायचं!

आणि आमच्याच मंडळीतल्या बायकांनाही सांगते, तुम्हीही काही कमी नाही. रविवारी उपासनेनंतर एकीने पाठीवर हात ठेवून म्हटलं, "देव तुमचा त्याग बघतोय." त्याग कसला? मला आवडतं हे काम. सांगायची चोरी झाली आहे की मला ते आवडतं. नरसम्माआजींचं बीपी १९० वरून १४० वर आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो नातवाच्या जांभईच्या आनंदापेक्षा वेगळा आहे, पण लहान नाही. आता म्हणा काय म्हणायचं ते.

परवा शास्त्रात, म्हणजे बायबलात, वाचताना थोमावर आले. प्रेषितांतला शंका घेणारा म्हणून सगळे ओळखतात त्याला, पण योहानाने त्याला दिदुम म्हटलंय, म्हणजे जुळा. थोमा या नावाचाही अर्थ तोच. आणि परंपरा सांगते की इसवी सन ५२ मध्ये भारतात आला तो हाच. म्हणजे आपल्याकडे आलेला पहिलाच मिशनरी जुळ्यातला एक! इतकी वर्षं वाचतेय, आत्ता लक्षात आलं. त्याचं दुसरं भावंड कोण, घरी कोण राहिलं, त्यांच्या आईला गल्लीतल्या बायकांनी काय काय विचारलं, यातलं काही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

रागाच्या भरात एक गोष्ट मात्र चुकीची लिहिली मी वर. मिस्टरांना कुणीच विचारलं नाही असं म्हटलं ना. आज संध्याकाळी वस्तीत पिवळे टॉवेल दाखवायला नेले. सगळ्यांनी हात पुसून मगच हातात घेतले, तंबाखूचा वास लागू नये म्हणून. नरसम्माआजींनी टोपीच्या कोपऱ्यात मूठ घालून डोकं केवढं असेल ते बघितलं. मग माझ्याकडे नाही, मिस्टरांकडे वळल्या. "आजोबा, तुमी कशाला हितं? गणित काय पळून चाललंय? जावा की पुन्याला."

त्यांना उत्तर सुचलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी त्यांना असं गप्प बघितलं. जेवतानाही बोलले नाहीत. आत्ता कॉटवर बसून मोबाइलवर शनिवारच्या हुतात्माच्या जागा बघतायत. मघाशी चष्म्यावरून बघत विचारलं, "एक काढू का दोन?"

मी अजून काही बोललेले नाही.