‘पोर्ट ऑटोवर ठेवू नका’ या सल्ल्याविषयी

नेटवर्कची कामे करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे: स्विचच्या (अनेक यंत्रे केबलने जोडणाऱ्या पेटीच्या) पोर्टवरील ऑटो-निगोशिएशन, म्हणजे केबलच्या दोन टोकांच्या यंत्रांनी आपसात वाटाघाट करून जोडणी कशी चालवायची ते ठरवणे, बंद करा, वेग आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) हाताने ठरवून द्या, म्हणजे लिंक स्थिर राहते, वेग वाढतो आणि केबल जुनी असली तरी काम भागते. यातले एकही विधान आज टिकत नाही.

स्थिरतेचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याला खरा इतिहास आहे. १९९५ मध्ये फास्ट इथरनेटच्या (१०० एमबीपीएस वेगाच्या) मानकाबरोबर ऑटो-निगोशिएशनची सोय आली, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे आणि स्विच यांचे आपसात अनेकदा जमत नसे, आणि हा सल्ला त्या काळात रुजला. आज मात्र स्विचवर ‘१०० फुल’ (१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स) ठरवले आणि संगणक ऑटोवरच राहिला, तर बहुतेक उपकरणांत स्विच वाटाघाटच करत नाही. संगणकाला समोरच्या संकेतावरून वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून तो मानकाप्रमाणे हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो. मग पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित येतो, पण मोठी फाइल पाठवली की रखडते. संगणकाच्या बाजूला लेट कोलिजन (पाठवणे सुरू होऊन बराच वेळ झाल्यावरची टक्कर) आणि स्विचच्या बाजूला सीआरसी त्रुटी (पोहोचलेला डेटा बिघडल्याची नोंद) वाढताना दिसल्या, की दोष इथेच शोधावा.

वेग वाढण्याचा प्रश्नच येत नाही. ऑटो-निगोशिएशन दोन्ही बाजूंना झेपणारा सर्वांत वरचा पर्याय निवडते, आणि तांब्याच्या केबलवरील गिगाबिटला (१००० एमबीपीएस) तर मानकानेच ते अनिवार्य केले आहे, कारण संकेतांची लय ठरवणारे घड्याळ कोणत्या टोकाने चालवायचे हेही त्यातच ठरते.

केबलचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. एका कार्यालयात एक पोर्ट कोणीतरी १०० एमबीपीएसवर बांधून ठेवलेला होता. ऑटोवर केला की लिंक सारखी ये-जा करायची. केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर उजेडात धरून पाहिला, तर चौथ्या पिनमधली निळी तार टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या पिनांच्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही; वाटाघाट मात्र त्या पहिल्या दोन जोड्यांवरच होते, म्हणून गिगाबिट ठरायचे आणि लिंक उभी राहताना कोसळायची. वेग बांधल्याने दोष गेला नव्हता, फक्त दिसेनासा झाला होता. तारांचा पीळ कमीत कमी उकलून नवा कनेक्टर क्रिंप केला (दाबून बसवला), पोर्ट ऑटोवर आणला आणि लिंक गिगाबिटवर टिकली.

समोर वाटाघाट न करणारे जुने यंत्र असेल, तर ते कोणत्या वेगावर आणि डुप्लेक्सवर बांधलेले आहे ते पाहून स्विचचा पोर्टही तसाच बांधावा, आणि पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये कारण लिहून ठेवावे. उद्या त्या जागी नवे यंत्र येईल, तेव्हा ते बंधन काढायचे आहे हे कोणाला तरी कळले पाहिजे.